सात नंबरच्या सहा कुंड्या

नासरे सरांच्या उजव्या कानामागे किंवा हातात पेन्सिल नाही, असं मी त्यांना एकोणीस वर्षांत दोनदाच पाहिलं. एरवी ती जेवतानाही कानामागे असायची. हिंगणघाटच्या एका लग्नात म्हणे हार घालून घेताना ती खाली पडली, तेव्हा त्यांनी नवरदेवाच्या बापाला थांबवून आधी पेन्सिल शोधली होती. पेन का वापरत नाही, असं मी नोकरीच्या सुरुवातीला विचारलं.

"मे महिन्यात घाम टपकते, वैरागडे. शाईचा आकडा घामानं पुसते. पेन्सिलीचा नाई पुसत."

वडनेरपासून साडेतीन किलोमीटरवर एका संस्थेची संशोधनाची शेती होती. सर तिथे शास्त्रज्ञ होते आणि मी नोंदी ठेवणारा कारकून. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. सर गिरडकडचे. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं, दिल्लीहून पाहुणे आले तरी बदललं नाही. सुती शर्ट, पायात चपला आणि खिशात घडी केलेली कपडा मोजायची फीत. फीत कशाला, हे कोणालाच विचारावं लागलं नाही, कारण दिवसातून चार वेळा ती बाहेर यायची.

"अंदाजे" हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी म्हटलं की यंदा फुलं बरीच आली, तर ते विचारायचे, "मोजलं का नुसतं पाह्यलं?" हे ते संचालकांनाही विचारत आणि घरीही. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं, घराला खिडक्या किती? आम्हाला वाटलं, मोठ्या घराची अपेक्षा दिसते. नंतर कळलं, यांच्या मोजून झाल्या होत्या. फक्त ताळा करून पाहत होते."

सकाळी सातला ते शेतात पहिली फेरी मारत. वाटेत एखाद्या झाडाचं पान न तोडता स्वतःच्या गालाला लावत. पान गार लागलं तर झाड पाणी पीत आहे आणि गरम लागलं तर तहानलेलं आहे, असा तो हिशेब. त्यासाठी नंतर यंत्र आलं, महागाचं होतं. सर आधी गाल लावत, मग यंत्र लावत आणि यंत्र बरोबर निघालं की मान हलवत.

त्यांच्या खोलीत कुलर नव्हता. बाकी सगळ्यांकडे होता, संचालकांकडे दोन. वर्धा जिल्ह्यातला मे ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. "कुलरमध्ये बसून उन्हाचा अभ्यास होत नाई," एवढंच ते म्हणत. या कुलरांचं पाणी भरायला सुमनबाई होत्या. वडनेरच्याच. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. झाडलोट करायची आणि दुपारी बकेटीने कुलर भरायचे, हे त्यांचं काम.

सरांचा विषय रतनजोत. जुनी माणसं त्याला मोगली एरंड म्हणतात. कुंपणाला लावतात, शेळी तोंड लावत नाही, बी विषारी. त्या बियांत तेल असतं आणि त्या तेलावर इंजिन चालतं. सर १९९५ पासून गावोगावच्या कुंपणांतून याचं बी गोळा करत होते. भर उन्हाळ्यातही ज्याची पानं टिकतात असं झाड त्यांना हवं होतं, कारण उन्हाळ्यात रतनजोत सगळी पानं टाकून नुसती काठी होऊन उभी राहते.

त्या वर्षी कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेवरच्या एका धाब्यामागे तसं झाड मला दिसलं. आजूबाजूला सगळ्या काठ्या, आणि हे एकच हिरवंगार. मी ओरडलोच, "सर, सापडलं!" सरांनी झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून माती चाचपत ते मागे मागे चालत गेले आणि धाब्याच्या भांडी घासायच्या जागेशी पोहोचले. धाबेवाला बाहेर आला.

"साहेब, जेवाले आले का नाली पाह्यले?"

"नाली पाह्यले," सर म्हणाले. "जेवतो मग."

खरकट्या पाण्याचा एक बारीक ओघळ मातीखालून त्या झाडापर्यंत गेला होता. जेवताना सर मला म्हणाले, "हिरवं झाड दिसलं की आधी पाणी कुठून येते ते शोधायचं, वैरागडे. टाळ्या मंग वाजवायच्या." हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. अकरा वर्षांनी ते मीही विसरलो आणि सरही विसरले.

२००३ च्या सुमारास रतनजोतीचे दिवस आले. पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही, डिझेल पिकवा, असं सगळीकडे सुरू झालं. आमच्याकडेही ट्रॅक्टर त्या तेलावर चालवून दाखवला. दोनशे बारा माणसं आली होती, हजेरी मीच घेतली. धूर निघाला तसा मागून एकजण ओरडला, "अबे, इंजिनात भजे तळून राह्यले का?" वास खरोखर तसाच होता. सगळे हसले, संचालकही हसले.

कार्यक्रम संपल्यावर वडनेरचे माणिकराव चाफले सरांजवळ आले. बेताची शेती, स्वभाव शांत. त्यांची चार एकर बरड जमीन पडून होती.

"सर, याले पाणी लागत नाई म्हनते. लावून टाकू का चार एकर?"

"मरत नाई म्हणून पिकते असं नाई, माणिकराव. जगायले पाणी कमी लागते. बी धरायले लागतेच."

"मंग तुमची संस्था काऊन लाव म्हनते?"

सरांनी खिशातली फीत काढून पुन्हा घडी केली. मग म्हणाले, "मी कमी पाण्यातलं शोधून राह्यलो. सापडलं तर सगळ्यात आधी तुमाले सांगतो. तोवर लावू नका."

माणिकराव थांबले. गावातल्या अकरा जणांनी त्या वर्षी रतनजोत लावली आणि तीन वर्षांत बहुतेकांनी उपटली. माणिकरावांनी लावली नाही. सरांचा शब्द होता म्हणून थांबले, हे सर विसरत नसत. वडनेरवरून जाताना माणिकराव दिसले की ते मोटरसायकल हळू करून हात हलवायचे, 'अजून नाही' असा.

कुंपणातलं बी गोळा करून जे सापडत नव्हतं ते आता दुसऱ्या वाटेने शोधायचं होतं. बाहेरच्या एका प्रयोगशाळेत रतनजोतीत खाऱ्या जमिनीतल्या एका चिवट झुडपाचं जनुक घातलं गेलं. काचेच्या बाटल्यांत बोटभर रोपं आली. शाळेची मुलं, पत्रकार, शेतकरी, जो येईल त्याला सर समजावून सांगत. "प्रत्येक झाडाजवळ एक चोपडी असते. कसं वाढायचं, तहान लागली तर काय करायचं, सगळं त्यात लिहिलेलं. त्या चोपडीत आपण दुसऱ्या झाडाचं एक पान चिकटवलं. आता झाड ते पान वाचते का नाई, हे उन्हातच समजते."

रोपं बाहेरच्या शेतात लावायला मनाई होती. जाळीचं घर, दोन दारं, दोन कुलपं. बी नाही, पान नाही, फांदी नाही, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. दहा प्रकारची रोपं, प्रत्येकाच्या सहा कुंड्या, एकूण साठ. दहातला एक प्रकार साधा, जनुक न घातलेला, तुलनेसाठी. कुंड्या मिसळून ठेवलेल्या. किल्ल्या दोन: एक सरांकडे आणि एक झाडायला जाणाऱ्या सुमनबाईंकडे.

२००६ च्या मे महिन्यात पाणी तोडलं. पाणी तोडायचं आणि कोण किती तगतं ते पाहायचं, हाच प्रयोग. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी कुंड्या काट्यावर ठेवून वजन लिहायचो. झाड पाणी वापरतं तसं कुंडीचं वजन उतरतं. ज्याचं वजन कमी उतरतं आणि तरी पानं टिकतात, ते झाड पाणी जपून वापरणारं.

सात नंबरच्या प्रकाराच्या सहा कुंड्या तशा निघाल्या. बाकीची रोपं हळूहळू पिवळी पडत गेली, पानं गळाली. सात नंबर दुपारी मान टाकायचं आणि सकाळी पुन्हा उभं. वजनही बाकीच्यांपेक्षा कमी उतरत होतं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी सात नंबरचं पान गालाला लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गार आहे, वैरागडे." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बर्फी वाटली. सुमनबाईंनाही दिली.

सर अहवाल द्यायला नागपूरला गेले, त्या गुरुवारची गोष्ट. एक्केचाळीस नंबरची कुंडी, सात नंबरच्या सहांतली एक, सोमवारी आठ किलो तीनशे दहा ग्रॅम होती. गुरुवारी आठ किलो तीनशे ऐंशी भरली. मी काट्यावर पाच किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. मी शेऱ्यात लिहिलं, 'काटा तपासला, बरोबर.' आणि पुढची कुंडी घेतली. मी लिहिलं होतं, सांगितलं नव्हतं. या दोहोंत केवढा फरक आहे, हे मला आता कळतं.

जूनमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. पाण्याशिवाय तगणारी रतनजोत, संचालकांचा फोटो, शेवटून दुसऱ्या ओळीत सरांचं नाव. दुसऱ्याच दिवशी माणिकराव वर्तमानपत्र घेऊन आले.

"आता लावू का, सर?"

"इतक्यात रोप नाई भेटणार. अजून चाचण्या आहेत, परवानग्या आहेत. वर्षं लागतील."

"लागू द्या. भेटन तवा भेटन. पन खरं हाय ना?"

"दाखवतो," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडून नोंदवही मागवली. माणिकरावांना समोर बसवून ते पेन्सिलीच्या टोकाने एकेक आकडा दाखवू लागले. सोमवार एवढा, गुरुवार एवढा. सतराव्या पानावर पेन्सिल थांबली. त्यांनी आकडा वाचला, शेरा वाचला. परत आकडा वाचला.

"माणिकराव, तुम्ही उद्या या," ते म्हणाले.

माणिकराव गेल्यावर ते मला म्हणाले, "झाड पाणी वाचवू शकते. कमवू नाई शकत. सत्तर ग्रॅम कुठून आले?" रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी सुमनबाईंना बोलावलं. बाईंनी काही लपवलं नाही.

"म्या देल्लं पानी."

"मी नाई म्हटलं होतं ना, बाई?"

"म्हनलं होतं जी. पन आमच्या घरचा नेम हाय, वैशाखात कोनाले तरी पानी पाजल्याबिगर घास घ्याचा नाई. बुढा गेला तवापासून मी कोनाले पाजू? घरात कोनी नाई. दुपारी कुलर भरून झाले का बकेटीत लोटाभर उरे. तुमच्या कुलरायले रोज बारा बकेटा पानी लागते, अन् त्या लेकरायले एक लोटा नाई?"

"साठही कुंड्यायले देल्लं?"

"नाई बाप्पा. लोटाभर पानी कितीकाले पुरते? जे पह्यलं पडलं त्यालेच देल्लं. मंग तेच रोज मान टाकून माह्याकडं पाहे. जे उभे होते त्यायले नाई देल्लं."

सरांनी डोळे मिटले. मला कळायला थोडा वेळ लागला. सात नंबर सगळ्यांत चिवट नव्हतं. सगळ्यांत कमजोर होतं. सगळ्यांत आधी मान टाकली ती त्याने. म्हणून पाणी मिळालं ते त्याला आणि म्हणून जगलं तेच. वैशाख संपेपर्यंत लोटा चालू होता. तोवर आमचे आकडे तयार झाले होते आणि कुंड्यांना रीतसर पाणीही सुरू झालं होतं. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी माणिकराव आले. सर दारातच म्हणाले, "खरं नाई." माणिकराव परत जायला वळले. मग म्हणाले, "तुमी सांगतलं तरी. दुसऱ्यानं नसतं सांगतलं." आणि गेले. पुढे त्या बरड जमिनीत त्यांनी काहीच लावलं नाही.

सरांनी लेखी कळवलं की प्रयोगात पाणी दिलं गेलं आहे, निष्कर्ष मागे घ्यावा. संचालकांनी बोलावलं, तेव्हा नोंदवही घेऊन मीही गेलो.

"सत्तर ग्रॅम!" संचालक म्हणाले. "बातमी छापून आली, नासरे. वर अहवाल गेला. सत्तर ग्रॅमसाठी?"

"सात नंबरच्या सहाही कुंड्यांत घोळ आहे, सर."

"पाणी कोणी दिलं?"

"दिलं गेलं. प्रयोग माझा होता."

"नाव सांगा. त्या माणसाला काढून टाकतो, वर तसं कळवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रयोग पुन्हा करू. नाव नसेल तर लोक म्हणतील तुम्हीच दिलं. मग प्रयोग बंद, आणि सगळं तुमच्यावर येईल."

सर टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. अकरा वर्षांचं काम होतं. उरलेल्या प्रकारांत एखादा खरोखर चिवट असू शकतो, हे त्यांना माहीत होतं. तीन नंबरवर त्यांची नजर होती. फक्त एक नाव सांगायचं होतं.

"नाव सांगून आकडा सुधरत नाई," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी बोललो. सुमनबाईंना दुसरीकडे काम मिळालं असतं, असं म्हणालो. ते म्हणाले, "मी तिले काय करायचं नाई ते सांगितलं. काऊन नाई करायचं, ते नाई सांगितलं. शाळेच्या पोरायले सांगितलं, पेपरवाल्यायले सांगितलं. जिच्या हातात किल्ली देल्ली तिलेच नाई सांगितलं. मग चूक कोणाची? मोजून सांगा."

त्यांनी बरोबर केलं की नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. तीन नंबरचं काय झालं असतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

प्रयोग बंद झाला. नियमाप्रमाणे सगळी रोपं जाळून राख पुरायची होती आणि प्रत्येक रोपाचा हिशेब लागायला हवा होता. सप्टेंबरमधला दिवस होता. सर एकेक रोप मुळासकट उपटून खड्ड्यात टाकत आणि आकडा म्हणत. मी लिहीत होतो. माझी पेन्सिल मोडली, तेव्हा त्यांनी कानामागची काढून दिली. ही पहिली वेळ. सुकलेली रोपं भुर्रकन पेटली. सात नंबरची सहा हिरवी होती, ती नुसती धुमसत राहिली, पाऊण तास. सुमनबाई तारेच्या कुंपणापलीकडे पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. शेवटी सर म्हणाले, "साठ." मी लिहिलं, साठ.

त्यानंतर दोन वर्षं त्यांना भांडारात बसवलं. तिथे ते पोती मोजत. नोंदी अचूक असत. त्यांच्यामागे लोक म्हणत, यानेच पाणी घातलं आणि पकडला गेला. ते त्यांच्या कानावर जात असे. निवृत्तीच्या समारंभाला नऊ माणसं होतो.

निवृत्तीनंतर सहाच महिन्यांत मूत्रपिंडं गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला रक्त शुद्ध करायला जावं लागे. तिथे आधी काट्यावर उभं करत. दोन खेपांमध्ये अंगात पाणी किती साठलं, ते वजनावरून ठरे. दिवसाला सातशे मिलिलिटरच्या वर पाणी प्यायचं नाही, अशी ताकीद होती.

२००९ च्या मे महिन्यात मी हिंगणघाटला त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "सुमनबाई आत्ताच गेल्या. वैशाखभर रोज येतात, वडनेरहून एसटीने. पाण्याचा लोटा घेऊन येतात, यांच्याजवळ बसतात आणि जाताना अंगणातल्या मोगऱ्याला घालतात. मी म्हटलं, दोन घोट द्यायचे असतील तर द्या. म्हणाल्या, नाही, सरांनी मले कारण सांगतलं हाय." मग मला बसवून त्या औषधं आणायला गेल्या.

सर खाटेवर होते. कानामागे पेन्सिल नव्हती. ती भिंतीवरच्या एका कागदाशेजारी दोऱ्याने बांधून लटकत होती. कागद त्यांनीच आखलेला. खोलीत कुलर लावला होता, त्यात पाणी खळखळत होतं. ओठांवर पापुद्रे आले होते.

"वैरागडे," ते म्हणाले, "किती झालं पाहा बरं."

मी बेरीज केली. "सातशे."

"बरोबर," ते म्हणाले आणि छताकडे पाहू लागले. थोड्या वेळाने त्यांनी मान माझ्याकडे टाकली. काही मागितलं नाही. नुसते पाहत राहिले.

मी माणूस नियमाचा आहे. मला कारणही माहीत होतं. तरी उठलो, माठातून औषधाच्या मापात पाणी घेतलं, पन्नासच्या रेघेपर्यंत, आणि त्यांच्या तोंडाला लावलं. सर ते चार घोटांत प्यायले. मग बोटाने भिंत दाखवली.

"लिहा."

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. चार वाजून दहा मिनिटं. पन्नास. कागदावर दोनच रकाने होते: किती वाजता आणि किती.